एका वाटणीची किंमत: डच चित्रं घरांतून संग्रहालयात कशी आली

२०१६ साली नेदरलँड्स आणि फ्रान्स या दोन देशांच्या सरकारांनी मिळून एका नवराबायकोची दोन चित्रं १६ कोटी युरोंना विकत घेतली. चित्रकार रेम्ब्राँट, चित्रं १६३४ सालची. नवरा मार्टेन सोलमान्स नेदरलँड्सच्या मालकीचा झाला, बायको ओपयेन कॉपित फ्रान्सच्या मालकीची. दोघांना कधी एकमेकांपासून वेगळं टांगायचं नाही, असं ठरलं. काही काळ अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, काही काळ पॅरिसच्या लूव्रमध्ये, पण जोडीनेच. पुढे २०२२ च्या सुरुवातीला डच सरकारने पुढाकार घेऊन रेम्ब्राँटचंच ‘निशाणधारी’ हे १६३६ सालचं चित्र मिळवलं. त्याला १७.५ कोटी युरो पडले.

अशा बातम्या वाचल्या की साधा प्रश्न पडतो. रेम्ब्राँट त्यांचा, चित्रं त्यांच्याच शहरात काढलेली, माणसंही तिथलीच. मग स्वतःचीच चित्रं एवढे पैसे मोजून परत का घ्यावी लागतात?

कारण ती चित्रं देशाची कधी नव्हतीच. ती व्यापाऱ्यांच्या घरची होती, आणि घरच्या वस्तूंचं जे होतं तेच त्यांचंही झालं. लग्नात इकडून तिकडे गेली, वाटणीत विभागली गेली, कर्जापायी गेली, लिलावात निघाली. डच संग्रहालयांमधल्या भिंती समजून घ्यायच्या तर चित्रकारांच्या चरित्राइतकीच या घराण्यांची वंशावळ हाताशी लागते.

राजा नाही, देऊळ नाही, मग गिऱ्हाईक कोण?

युरोपात मोठी चित्रं सहसा दोन ठिकाणी लागत: राजवाड्यात आणि चर्चमध्ये. सतराव्या शतकातल्या डच प्रजासत्ताकात दोन्ही दारं बरीचशी बंद होती. स्पेनच्या राजाची सत्ता झुगारून हा देश उभा राहिला. इथला मुख्य पंथ सुधारणावादी ख्रिस्ती, त्याला प्रार्थनास्थळात मूर्ती आणि चित्रं चालत नसत. १५६६ साली तर जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या होत्या. म्हणजे चित्रकाराला पोसणारे दोन जुने आश्रयदाते गेले.

त्यांची जागा बाजाराने घेतली. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६४० साली अ‍ॅम्स्टरडॅमला आला होता. (हाच मंडी त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरत आणि आग्र्याला राहून गेला होता.) त्याने लिहून ठेवलंय की इथे लोहाराच्या भट्टीपाशी आणि चांभाराच्या दुकानातही चित्र टांगलेलं दिसतं. त्या शतकात या छोट्याशा देशात किती चित्रं रंगवली गेली याचे इतिहासकारांचे अंदाज काही दशलक्षांपर्यंत जातात.

चित्र विकत घेण्याच्या दोन तऱ्हा होत्या. व्यक्तिचित्र हवं असेल तर चित्रकाराला सांगून काढून घ्यायचं. निसर्गदृश्य, फळंफुलं, घरातले प्रसंग, समुद्र आणि जहाजं अशी चित्रं मात्र चित्रकार आधीच काढून ठेवत आणि लोक दुकानातून, जत्रेतून किंवा लिलावातून नेत. गिऱ्हाईक अनोळखी, स्पर्धा मोठी, म्हणून प्रत्येक चित्रकार एकाच प्रकारात हात बसवायचा. डच चित्रांत राजेराण्या कमी आणि लोणी, मासे, खिडकी, पत्र वाचणारी बाई, ढगाळलेलं आभाळ एवढं का, याचं मोठं कारण हे आहे. विकत घेणाऱ्याच्या घरात आणि खिडकीबाहेर तेच होतं.

रेम्ब्राँटचं ‘नाइट वॉच’ (१६४२) जगप्रसिद्ध आहे, पण त्यामागचा व्यवहार फारसा सांगितला जात नाही. ते शहराच्या नागरी पहारेकरी दलाचं सामूहिक चित्र. चित्रात यायचं असेल त्याने पैसे भरायचे: माणशी सरासरी शंभर गिल्डर, जागेप्रमाणे कमी-जास्त. गिल्डर हे तेव्हाचं डच नाणं. कसबी कारागिराची वर्षभराची कमाई साधारण तीनशेच्या आसपास असायची, त्यावरून रकमेचा अंदाज यावा.

डेल्फ्ट गावचा चित्रकार योहानेस व्हर्मीर याचं चित्र तर पावाच्या उधारीतही गेलं. १६७५ साली तो कर्जात मेला. त्याच्या बायकोकडे एका बेकरीवाल्याचे ६१७ गिल्डर थकले होते, आणि त्यापोटी तिने व्हर्मीरची दोन चित्रं त्याच्याकडे ठेवली.

या घराण्यांकडे पैसा आला कुठून?

बहुतेक लेखांत इथे ‘मसाल्यांचा व्यापार’ एवढंच लिहून पुढे जातात. ते अर्धवट आहे. अ‍ॅम्स्टरडॅमची पहिली श्रीमंती बाल्टिक समुद्राकडच्या धान्याची, लाकडाची आणि खारवलेल्या हेरिंग माशांची. त्यावर पुढचे मजले चढले. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली (तिला पुढे व्हीओसी म्हणू). सामान्य शहरवासीही तिचे भाग विकत घेऊ शकत. तिच्या संस्थापकांत विलेम व्हॅन लोन होता, आणि त्याच्या वंशजांचं घर आज अ‍ॅम्स्टरडॅममध्ये व्हॅन लोन संग्रहालय म्हणून पाहता येतं.

ट्रिप घराणं तोफा, दारूगोळा आणि लोखंडात होतं. त्यांनी १६६० च्या सुमारास कालव्याकाठी जो वाडा बांधला त्याची धुराडी तोफांच्या आकाराची आहेत. आपला धंदा काय हे त्यांनी छपरावरच सांगून टाकलं. पुढे १८१७ पासून १८८५ पर्यंत राइक्सम्युझियम याच वाड्यात भरत होतं. शस्त्रांच्या व्यापाऱ्याचं घर हे देशाच्या मुख्य संग्रहालयाचं जवळपास सत्तर वर्षांचं घर.

आणि मार्टेन सोलमान्स? त्याच्या वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. कच्ची साखर यायची ब्राझीलमधल्या मळ्यांवरून, जिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं ऊस तोडत आणि चरकावर राबत. चित्रातली रेशमी पोशाखाची झालर, बुटांवरची ती मोठी फुलं, सगळं त्या साखरेवर उभं आहे. हेग शहरातलं माउरित्सहाउस हे नावाजलेलं संग्रहालयही योहान माउरित्सने स्वतःसाठी बांधून घेतलेलं घर. तो १६३६ ते १६४४ डच ब्राझीलचा गव्हर्नर होता, आणि त्या घराला लोक ‘साखरेचा राजवाडा’ म्हणत.

चित्राची वंशावळ कशी वाचायची

संग्रहालयात चित्राच्या माहितीत एक रटाळ दिसणारा भाग असतो: कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, किती किमतीला. त्याला मालकीची साखळी म्हणू. माझ्या मते चित्राखालचा हा सर्वांत जिवंत मजकूर असतो.

व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र घ्या. निळा अप्रन, मातीचं भांडं, खिडकीतून येणारा उजेड. तो निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा, तेव्हाच्या महागड्या रंगांपैकी एक. डेल्फ्टमधल्या एका श्रीमंत जोडप्याकडे, पीटर व्हॅन रायव्हन आणि मारिया दे क्नाइट यांच्याकडे, व्हर्मीरची वीसेक चित्रं जमली होती. ती पुढे त्यांच्या जावयाकडे गेली आणि १६९६ साली अ‍ॅम्स्टरडॅमला लिलावात व्हर्मीरची २१ चित्रं एकदम निघाली. मोलकरीण १७५ गिल्डरला गेली. १७१९ मध्ये ती १२६ गिल्डरला विकली गेली, म्हणजे किंमत उतरली. १८१३ साली तिला २,१२५ गिल्डर देऊन विकत घेतलं लुक्रेशिया व्हॅन विंटर नावाच्या एका तरुण, अविवाहित बाईने. स्वतःच्या निवडीने, स्वतःच्या पैशाने.

या लेखातली मुख्य गोष्ट इथून सुरू होते.

दोन बहिणी

लुक्रेशियाचे वडील पीटर व्हॅन विंटर अ‍ॅम्स्टरडॅमचे व्यापारी. हौशी कवीही. त्यांचा चित्रसंग्रह शहरातल्या उत्तम संग्रहांपैकी एक होता. व्हर्मीरचं ‘छोटी गल्ली’ त्यांच्याकडे होतं. ओपयेनच्या वंशजांनी दीडशेहून अधिक वर्षं सांभाळलेली मार्टेन-ओपयेनची जोडीही अठराव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडे आली. १८०७ मध्ये ते वारले.

घरात आजीचे दागिने असतात तोवर त्यांची किंमत कुणी काढत नाही. सोनाराला बोलावलं जातं ते वाटणीच्या दिवशी. चित्रांचंही तसंच झालं. १८१५ साली संग्रह मुलींमध्ये वाटला गेला. लुक्रेशियाकडे ‘छोटी गल्ली’ आली, मोलकरीण तर तिची होतीच. तिची बहीण अ‍ॅनेविस हिच्याकडे मार्टेन आणि ओपयेन गेले. अ‍ॅनेविसचं लग्न व्हॅन लोन घराण्यात झालं, लुक्रेशियाचं १८२२ मध्ये हेंड्रिक सिक्सशी. हे सिक्स म्हणजे रेम्ब्राँटचा मित्र यान सिक्स याचं घराणं.

आता दोन्ही वाटे कुठे गेले ते पाहा.

अ‍ॅनेविस १८७७ साली वारली. मुलांनी संग्रह पॅरिसच्या रॉथशिल्ड या बँकर घराण्याला विकला. मार्टेन आणि ओपयेन देश सोडून गेले. ते थांबवणारा कायदा नव्हता, आणि सरकारला ती आपली जबाबदारी वाटत नव्हती. त्यानंतर जवळजवळ १४० वर्षं ते खासगी घरात राहिले. सर्वसामान्यांना त्यांचं दर्शन क्वचितच झालं.

लुक्रेशियाचा वाटा सिक्सांकडेच राहिला. १९०७ मध्ये वारसांनी त्यातली ३९ चित्रं विकायला काढली तोपर्यंत हवा बदलली होती. १८८३ साली एक मोठा रेखाचित्रसंग्रह लिलावात जाताना पाहून काही नागरिकांनी ‘रेम्ब्राँट संघ’ स्थापन केला होता. सरकारी मंजुरी मिळेपर्यंत चित्र हातचं जातं, म्हणून आपण आधी पैसे उभे करायचे, असं त्यांचं काम. तरी वाद झालाच. एका चित्रासाठी ३९ का घ्यायची, मोलकरीण एवढ्या किमतीची आहे का, असं वर्तमानपत्रांत आणि संसदेत खूप काही बोललं गेलं. अमेरिकेचा अंकल सॅम तिला फूस लावतोय असं व्यंगचित्रही निघालं, कारण अमेरिकन धनाढ्य तेव्हा युरोपातली चित्रं धडाधड नेत होते. शेवटी १९०८ मध्ये संघाची मदत घेऊन सरकारने सगळीच्या सगळी चित्रं सुमारे साडेसात लाख गिल्डरला घेतली. ‘छोटी गल्ली’ १९२१ मध्ये तेलसम्राट हेन्री डेटर्डिंगने विकत घेऊन राइक्सम्युझियमला भेट दिली.

एकाच बापाच्या संग्रहाचे दोन वाटे. एका वाट्यातलं चित्र वेळेवर घेतलं म्हणून गेली शंभरहून अधिक वर्षं शाळेतली पोरं ते पाहतायत. दुसऱ्या वाट्यातल्या जोडीतला फक्त नवरा परत आणायला ८ कोटी युरो लागले.

लोकांच्या करातून चित्रं कशाला?

हा आक्षेप डच लोकही घेतात, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ‘निशाणधारी’साठी सरकारने १५ कोटी युरो दिले, रेम्ब्राँट संघाने दीड कोटी, संग्रहालयाच्या निधीने १ कोटी. कोविडच्या साथीने बेजार झालेल्या काळात हा निर्णय झाला होता. चित्रकार आणि वादक उपाशी असताना साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या चित्रावर पैसा घालायचा का, असं विचारलं गेलं.

माझं मत खरेदीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. चित्र सरकारचं झालं म्हणजे पुन्हा विकलं जाणार नाही आणि सगळ्यांना दिसेल, हे पाळलं गेलं पाहिजे. ‘निशाणधारी’ आधी देशाच्या बाराही प्रांतांत फिरवलं गेलं, मगच अ‍ॅम्स्टरडॅमला स्थिरावलं. ते मला योग्य वाटतं. दुसरं म्हणजे, महाग पडतं ते चित्र नव्हे, उशीर महाग पडतो. ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ हे व्हर्मीरचं चित्र १८८१ साली हेगच्या लिलावात दोन गिल्डर आणि तीस सेंटला गेलं होतं. ज्याने घेतलं त्याने मृत्युपत्रात ते माउरित्सहाउसला दिलं. जाणत्या माणसाची एक नजर आणि एक मृत्युपत्र, एवढ्यावर ते चित्र देशाकडे आलं.

खरं तर फुकट मिळालेलंही सोपं नसतं. बँकर आद्रियान व्हॅन डर होप याने १८५४ मध्ये २२४ चित्रं अ‍ॅम्स्टरडॅम शहराला मृत्युपत्राने दिली. वारसाकर भरायला शहराकडे पैसे नव्हते. नागरिकांच्या देणग्यांवर ते जमलं. त्या संग्रहात रेम्ब्राँटचं ‘ज्यू वधू’ आणि व्हर्मीरची निळ्या पोशाखात पत्र वाचणारी बाई होती. ती राइक्सम्युझियममध्ये दिसतात, पण मालक आजही शहरच आहे. ‘नाइट वॉच’चंही तेच: टांगलंय राष्ट्रीय संग्रहालयात, मालकी अ‍ॅम्स्टरडॅम शहराची. कुठे आहे आणि कुणाचं आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात.

गुलामीच्या पैशाची चित्रं मिरवायची का?

हा आक्षेप अधिक खोल आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या शहर संग्रहालयाने २०१९ मध्ये सतराव्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणं सोडलं, कारण सोनं सगळ्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यात ओपयेनचं चित्र ठेवलं. शेजारी तिच्या दुसऱ्या नवऱ्याची हकीकत मांडली. तो आधी ब्राझीलमध्ये सैनिक होता, आणि तिथे फ्रान्सिस्का नावाच्या आफ्रिकन स्त्रीवर त्याने अत्याचार केल्याचं चर्चच्या जुन्या नोंदींत सापडलं. १६ कोटींच्या जोडीबद्दल हे सांगायला संग्रहालयाने कचरू नये, आणि ते कचरलं नाही, याचा मला आदर वाटतो. डच पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजाने १ जुलै २०२३ रोजी गुलामगिरीबद्दल माफी मागितली.

चित्र काढून टाकलं तर फ्रान्सिस्काचं नावही पुन्हा नोंदवहीत गाडलं जाईल. ते भिंतीवर ठेवून पूर्ण हकीकत लिहिणं हेच बरं.

जे मुळात लुटून आणलं त्याचा न्याय मात्र वेगळा. ज्यू चित्रव्यापारी जाक गाउडस्टिकर १९४० साली नाझींपासून पळताना वारला, त्याचा साठा नाझींनी गिळला. युद्धानंतर त्यातली चित्रं डच सरकारकडे आली आणि संग्रहालयांत वाटली गेली. वारसांना २०२ चित्रं परत मिळायला २००६ साल उजाडलं. २०२३ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशिया आणि श्रीलंकेला ४७८ वस्तू परत करायचं ठरवलं. त्यात राइक्सम्युझियममधली, श्रीलंकेतल्या कँडी राज्याची सोन्याचांदीने मढवलेली तोफ होती, १७६५ मध्ये व्हीओसीच्या सैन्याने लुटलेली. इथे खरेदीही नव्हती, वाटणीही नव्हती. म्हणून मालकीची साखळी वाचायची: कुठली कडी व्यवहाराची आणि कुठली बळजबरीची, हे तिथेच कळतं.

आपल्याकडचा धागा

व्हीओसीचे हात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. वेंगुर्ल्याची डच वखार सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांना शह द्यायला उभी राहिली. तिचे पडके अवशेष आजही आहेत. राइक्सम्युझियममध्ये १६६५ सालचं एक मोठं तैलचित्र आहे, हुगळीच्या डच वखारीचं, नदीकाठी तंबू आणि मिरवणुकीसकट. रेम्ब्राँटने मुघल लघुचित्रं पाहून वीसहून अधिक रेखाचित्रं काढली. कंपनीच्या जहाजांबरोबर ती लघुचित्रं अ‍ॅम्स्टरडॅमला येत होती, म्हणूनच ते शक्य झालं.

मराठी वाचकाला जवळचा दुवा गोवळकोंड्याचा. तिथले चित्रकार युरोपीय व्यापाऱ्यांसाठी हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांच्या व्यक्तिचित्रांचे संच तयार करत. अ‍ॅम्स्टरडॅमचा अनेक वर्षं महापौर राहिलेला आणि पुढे व्हीओसीचा संचालक झालेला निकोलास विट्सेन याच्याकडे असा एक संच होता. ४९ चित्रांचा तो संच आज राइक्सम्युझियममध्ये आहे. अशा संचांत छत्रपती शिवाजी महाराजांचंही चित्र असे. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच लेखकाने १७२४ ते १७२६ दरम्यान छापलेल्या ग्रंथात महाराजांचं चित्र आलं, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी विसाव्या शतकात तेच महाराष्ट्रासमोर आणलं. महाराजांच्या चेहऱ्याबद्दल आपल्याला जे भरवशाचं माहीत आहे त्यातला मोठा भाग अशा युरोपीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या चित्रांतून आलाय.

तेव्हा राइक्सम्युझियमचं संकेतस्थळ उघडाल तर नुसतं चित्र पाहून थांबू नका. प्रतिमा मोफत उतरवून घेता येतात, आणि मालकीची साखळीही पुष्कळ ठिकाणी दिलेली असते. एक चित्र मात्र तिथे मालकीचं म्हणून सापडणार नाही. रेम्ब्राँटने १६५४ साली काढलेलं यान सिक्सचं व्यक्तिचित्र, खांद्यावर लाल झगा टाकून हातमोजा चढवत असलेला माणूस, अजून सिक्स घराण्याकडेच आहे. त्याची वाटणी व्हायची आहे.